कोकणात बसून सिंफनी ऐकायची तर

नाट्यसंगीत आणि भजनावर कान पोसलेली माणसं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडे वळली की बहुधा एकाच जागी अडकतात. 'जगातल्या सर्वोत्तम सिंफन्या' अशी एखादी यादी हाती लागते (सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी, मोठ्या वाद्यवृंदासाठी, लिहिलेली लांब रचना), नाहीतर यंदाच्या ग्रॅमी पुरस्कारांची. यादीतलं पहिलं नाव लावायचं, सात-आठ मिनिटांत कंटाळायचं, मग दुसरं लावायचं. थोड्याच दिवसांत सगळं एकसारखं वाटायला लागतं आणि माणूस मुकाट्याने अभिषेकीबुवांकडे परततो.

माझं सांगणं असं, की यादी तूर्त बाजूला ठेवा. एक कृती घ्या आणि पुढे काय येणार हे आधीच कळायला लागेपर्यंत ती ऐका. मग तीच कृती दुसऱ्या कंडक्टरकडून, म्हणजे वादकांसमोर उभा राहून हात हलवणाऱ्याकडून, ऐका. संगीतकार म्हणजे काय, कंडक्टर कशासाठी लागतो, पुरस्कार नक्की कशाला मिळतो, हे सगळं त्या दोन ऐकण्यांच्या फरकातून समजतं. पाठ्यपुस्तक वाचून समजत नाही.

आधी ऐकण्याची सोय

ही पायरी किरकोळ वाटते, पण कोकणात तीच पहिली. सिनेमातलं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण एकाच आवाजात असतं. सिंफनीत मात्र एका व्हायोलिनची कुजबुज आणि पन्नास-साठ वाद्यांचा गडगडाट यांत दोन-तीन मिनिटांचंच अंतर असू शकतं. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ती कुजबुज ऐकू येत नाही. म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि तेवढ्यात टिंपनी, म्हणजे ऑर्केस्ट्राचे नगारे, वाजते की शेजारची म्हातारी दचकून उठते. तेव्हा स्पीकर नको, कान झाकणारा साधा वायरचा हेडफोन घ्या. मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर चेलो आणि डबल बास ही खालच्या सुरांची मोठी तंतुवाद्यं जवळजवळ गायबच होतात, आणि या संगीताचा अर्धा पाया तिथेच असतो.

वीज गेली की राउटर जातो आणि डोंगराआडच्या वाडीत मोबाइलची रेंज मुळातच बेभरवशाची. रेकॉर्डिंग आधी उतरवून ठेवा. अ‍ॅपमध्ये शफल बंद करा, कारण एका सिंफनीचे चार-पाच भाग, म्हणजे मूव्हमेंट, अ‍ॅपला चार-पाच सुटी गाणी वाटतात आणि ते त्यांची सरमिसळ करतं. क्रॉसफेड, म्हणजे एक भाग संपता संपता पुढचा त्यात मिसळणं, तेही बंद हवं. फुकटच्या आवृत्तीत मधे जाहिराती येतात. वादळ ऐन भरात असताना गृहकर्जाची जाहिरात लागली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नसतं.

पहिली कृती

सगळे बेथोवनची पाचवी सांगतात. मी सहावी सांगेन, 'पास्टोरल'. कारण सरळ आहे: तिच्यात पाऊस आहे, आणि पाऊस कसा येतो हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

दोन्ही सिंफन्या २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात एकाच कार्यक्रमात पहिल्यांदा जाहीरपणे वाजल्या. थिएटर गारठलेलं, कार्यक्रम सुमारे चार तासांचा, आणि शेवटची कृती मधेच घसरली म्हणून थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. आज ज्यांच्याकडे आपण देव्हाऱ्यातल्या मूर्तींसारखे बघतो त्या कृतींची पहिली संध्याकाळ ही अशी होती. त्या दिवशी क्रमांकही उलटे होते, 'पास्टोरल' पाचवी म्हणून छापली होती.

सहावी साधारण चाळीस मिनिटांची, पाच भागांची. पहिल्या बैठकीत सगळी ऐकू नका. चौथ्या भागापासून सुरू करा. तो चारेक मिनिटांचाच आहे. सुरुवातीला चेलो आणि डबल बास खालच्या सुरांत घुमतात, लांबवर समुद्रावर ढग गुरगुरल्यासारखे. वर व्हायोलिनचे तुटक सूर पडतात, ते पहिले टपोरे थेंब. आणि मग एकदम सगळा ऑर्केस्ट्रा कोसळतो. टिंपनी आणि पिकोलो, म्हणजे छोटी तीव्र बासरी, ही दोन वाद्यं बेथोवनने अख्ख्या सिंफनीत फक्त याच भागात वापरली आहेत. तोवर टिंपनीवाला हात बांधून बसून असतो. चेलो आणि बास यांची घुमणारी जागा नीट ऐका: चेलो ज्या वेळात पाच सूर वाजवतात, त्याच वेळात बास चार वाजवतात. दोन्ही एकमेकांत मिसळून सूर असे वेगळे ओळखूच येत नाहीत, नुसता गडगडाट उरतो. चुकून झालेलं नाही ते, लिहून घडवलेलं आहे.

वादळ ओसरलं की न थांबता पाचवा भाग सुरू होतो, आधी क्लॅरिनेट आणि मग हॉर्न, दोन्ही फुंकवाद्यं. हे मेंढपाळाचं गाणं, पावसानंतरच्या कृतज्ञतेचं. तिसरा, चौथा आणि पाचवा भाग सलग वाजतात. क्रॉसफेड बंद करायला सांगितलं ते यासाठी. चौथा-पाचवा ओळखीचे झाले की तिसऱ्यापासून ऐका. तिथे खेडेगावातल्या वादकांची प्रेमळ थट्टा आहे आणि ओबो जरा उशिराच शिरल्यासारखा वाटतो. दुसऱ्या भागात ओढ्याकाठचं दृश्य आहे. त्याच्या शेवटी तीन पक्षी बोलतात: बासरी म्हणजे नाइटिंगेल, ओबो म्हणजे लावा, क्लॅरिनेट म्हणजे कुकू. पक्ष्यांची ही नावं बेथोवनने स्वतः स्वरलिपीत लिहून ठेवली आहेत. तरी त्याने जोडीला बजावलंही होतं, की हे चित्र काढण्यापेक्षा भावना व्यक्त करणं अधिक आहे. पहिला भाग सगळ्यात शेवटी ठेवा. त्यात एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि ते पुनरावर्तन सुखाचं वाटायला कान आधी थोडा तयार असावा लागतो.

कोण कुठे बसतं

याला फार वेळ देऊ नका. समोर तंतुवाद्यं: डावीकडे पहिले व्हायोलिन, मग दुसरे, पुढे व्हिओला, चेलो, उजव्या कडेला मागे डबल बास. मांडणी कंडक्टरगणिक थोडी बदलते. मधोमध लाकडी फुंकवाद्यं, म्हणजे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. त्यांच्या मागे पितळी हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. सर्वांत मागे टिंपनी आणि इतर तालवाद्यं. सुरुवातीला ओबो एक सूर धरतो, साधारण ४४० हर्ट्झचा, आणि बाकी सगळे त्याला वाद्यं लावून घेतात. पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसतो तो कॉन्सर्टमास्टर. वादकांचा पुढारी तोच, म्हणून कंडक्टर आल्याआल्या त्याच्याशी हात मिळवतो.

वाद्यांचे आवाज वेगळे ओळखायचे असतील तर बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने १९४५ मध्ये लिहिलेलं 'यंग पर्सन्स गाइड टू द ऑर्केस्ट्रा' ऐका. पर्सेल या जुन्या संगीतकाराची एक धून प्रत्येक वाद्यसमूह आळीपाळीने वाजवतो, आणि शेवटी सगळे एकत्र येतात. वीसेक मिनिटांच्या आत काम होतं. नाव मुलांसाठीचं आहे म्हणून लाजू नका.

कंडक्टर करतो काय

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो, आणि विचारायलाच हवा. समोरचे सगळे वादक कागद बघून वाजवतायत, मग हा हात कशाला हलवतो?

डबलबारीत बुवांनी हात उचलला की झांजवाले आणि पखवाजवाला कसे एकदम लय चढवतात, ते आठवा. कंडक्टरचं दिसणारं काम तेवढंच आहे. फरक असा की बुवा स्वतः गातात, कंडक्टरच्या हातून एकही सूर निघत नाही. उजव्या हातातली बारीक काठी, बॅटन, ताल दाखवते. डावा हात कोणाला आत घ्यायचं, कोणाला दाबायचं, कुठे सूर लांबवायचा ते सांगतो. पण कार्यक्रमात दिसतं ते थोडंच. खरं काम तालमीत होऊन गेलेलं असतं: लय किती, हॉर्नच्या मागे व्हायोलिन किती मंद, हा सूर तोडायचा की पुढच्याला जोडायचा. कागदावर 'जोरात' असं लिहिलेलं असतं. किती जोरात, ते कंडक्टर ठरवतो.

(बॅटन येण्याआधी फ्रान्समध्ये लांब दांडा जमिनीवर आपटून ताल देत. लुली हा राजदरबारचा संगीतकार असाच ताल देताना स्वतःच्या पायावर दांडा मारून बसला. जखम चिघळली आणि १६८७ मध्ये त्यातच तो गेला.)

आता ती महत्त्वाची पायरी. 'पास्टोरल'चं कार्ल ब्योमने व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत १९७१ मध्ये केलेलं रेकॉर्डिंग घ्या. त्याच्यासमोर जॉन एलियट गार्डिनरचं ठेवा. गार्डिनरच्या बेथोवनच्या नऊही सिंफन्यांचा संच १९९४ मध्ये आला. ब्योम निवांत आहे, ओढ्याकाठी बसला की उठायचं नाव नाही. गार्डिनरचे वादक बेथोवनच्या काळातल्यासारखी वाद्यं वाजवतात: आतड्याच्या तारा, चाव्या नसलेले हॉर्न, कडक काठ्यांची टिंपनी. लय भरभर आहे, आणि वादळात टिंपनी घुमत नाही, फाडकन फुटते. दोघांसमोर कागद जवळजवळ तोच.

बरोबर कोण? बेथोवनने पहिल्या आठ सिंफन्यांसाठी मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे १८१७ मध्ये छापून दिले. ते आकडे बऱ्याच जणांना फार वेगवान वाटतात, आणि त्यावर अजून वाद आहेत. माझं मत विचाराल तर ओढ्यासाठी ब्योम आणि वादळासाठी गार्डिनर. हे शुद्धिवाद्यांना चालणार नाही, पण घरात बसून ऐकताना कोण अडवतंय?

शोधताना काय टाइप करायचं

नुसतं 'बेथोवन' टाकलंत तर झोप लागण्यासाठीचे, अभ्यासासाठीचे, पावसाच्या आवाजात मिसळलेले असले अल्बम पुढे येतात. संगीतकाराचं नाव, प्रकार, क्रमांक, आणि जमल्यास ओपस क्रमांक, म्हणजे छापील कृतीचा क्रमांक, टाका. पाचवीचा ओपस ६७, सहावीचा ६८. मोझार्टला ओपसऐवजी 'के' क्रमांक असतो, कारण कोशेल नावाच्या गृहस्थाने १८६२ मध्ये त्याच्या कृतींची सूची छापली. चाळिसावी सिंफनी म्हणजे के ५५०. बाखच्या सूचीचे क्रमांक बीडब्ल्यूव्ही, विवाल्डीच्या सूचीचे आरव्ही. त्यानंतर कंडक्टर किंवा ऑर्केस्ट्राचं नाव जोडा.

अल्बमच्या माहितीत वर्ष बघताना सावध राहा. 'रीमास्टर्ड २०१८' असं लिहिलं असेल तर ते जुन्या टेपवर नव्याने केलेल्या सफाईचं वर्ष. वाजवलं कधी ते खाली बारीक अक्षरात सापडतं. स्टुडिओत केलंय की कार्यक्रमात, तेही बघा. कार्यक्रमातलं असेल तर खोकणारे श्रोते बोनस म्हणून मिळतात.

ऑर्केस्ट्रांची नावं पाठ करायची गरज नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिक (१८४२), बर्लिन फिलहार्मोनिक (१८८२), अ‍ॅमस्टरडॅमचा कॉन्सर्टगेबाउ (१८८८), शिकागो सिंफनी (१८९१), लंडन सिंफनी (१९०४) ही आपोआप कानावर येत राहतील. व्हिएन्नाचं एक वेगळेपण मात्र लक्षात ठेवण्याजोगं आहे: १९३३ पासून त्यांना कायमचा कंडक्टरच नाही. वादक दर वेळी हवा त्याला बोलावतात. १ जानेवारीच्या त्यांच्या नववर्ष मैफलीला आपल्या मुंबईत जन्मलेले झुबीन मेहता कंडक्टर म्हणून पाच वेळा उभे राहिले आहेत, पहिल्यांदा १९९० मध्ये.

मेहतांचं काही ऐकायचं असेल तर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसोबतचं होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचं 'द प्लॅनेट्स' घ्या. १९७१ चं ते रेकॉर्डिंग आजही अंगावर येतं. याच होल्स्टने महाभारतातल्या सावित्रीवर एक छोटा ऑपेराही लिहिला आहे.

मग समुद्र

किनाऱ्यावर राहून समुद्राचं संगीत टाळणं बरं नाही. मेंडेल्सनचं 'हेब्रिडीज' आधी घ्या. १८२९ मध्ये विशीतला मेंडेल्सन स्कॉटलंडच्या बेटांवर गेला आणि तिथून घरी पाठवलेल्या पत्रात त्याने सुरुवातीचे सूर लिहून कळवले. दहाच मिनिटांचं आहे, आणि लाट येऊन मागे जाते ते पहिल्या ओळीतच कळतं.

देब्युसीचं 'ला मेर' (१९०५) मात्र घाईने लावू नका. त्यात गुणगुणायला चाल शोधलीत तर हाती काही लागणार नाही. पाण्यावरचा उजेड बदलावा तसे वाद्यांचे रंग बदलत जातात. तीन भाग: पहाटेपासून दुपारपर्यंतचा समुद्र, लाटांचा खेळ, वारा आणि समुद्र यांचा संवाद. 'पास्टोरल' अंगात मुरल्यावर हे ऐका. छापील स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर देब्युसीने होकुसाईच्या प्रसिद्ध जपानी चित्रातली लाट घेतली होती.

आता पुरस्कार

पहिली गोष्ट, ग्रॅमी आणि ग्रामोफोन हे ध्वनिमुद्रणाचे पुरस्कार आहेत. बेथोवनच्या सिंफनीला ग्रॅमी मिळाला असं कुणी म्हणालं तर तो मिळालेला असतो विशिष्ट कंडक्टरने विशिष्ट ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेल्या त्या एका रेकॉर्डिंगला. ब्योम आणि गार्डिनर शेजारी ठेवून ऐकलेत की हा भेद वेगळा समजवावा लागत नाही.

ग्रॅमी १९५९ पासून. अमेरिकेच्या रेकॉर्डिंग अकादमीचे सभासद, म्हणजे संगीताच्या धंद्यातलीच माणसं, मत देतात. शास्त्रीय विभागात ऑर्केस्ट्रा, ऑपेरा, वृंदगान, छोट्या समूहाचं चेंबर संगीत, एकल वादन असे वेगवेगळे पुरस्कार आहेत. निर्मात्याला वेगळा, आवाज टिपणाऱ्या इंजिनिअरला वेगळा. नव्या रचनेबद्दल संगीतकाराला मिळतो तो आणखी वेगळा. 'सर्वोत्तम शास्त्रीय अल्बम' असा एकच मानकरी निवडणारा पुरस्कार २०१२ पासून बंद झाला, आणि बरंच झालं.

इंजिनिअर आणि निर्माता यांना पुरस्कार कशाला, असं वाटलं तर सोल्टी या कंडक्टरकडे बघा. गिओर्ग सोल्टीने वाग्नरचं चार ऑपेरांचं 'रिंग' व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत १९५८ ते १९६५ या काळात डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी स्टुडिओत रेकॉर्ड केलं. जॉन कल्शॉ हा त्याचा निर्माता. घरात बसून ऐकणाऱ्याला रंगमंच दिसावा अशा तऱ्हेने त्याने स्टीरिओत पात्रं हलवली, आवाज दूर-जवळ नेले. सोल्टीच्या नावावर पुढे ३१ ग्रॅमी जमले, आणि तो विक्रम २०२३ मध्ये बियॉन्सेने मोडेपर्यंत टिकला.

आपल्याकडच्या वाचकाला जवळची एक नोंद: रविशंकर आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या जुगलबंदीच्या अल्बमला १९६८ च्या सोहळ्यात ग्रॅमी मिळाला, तो चेंबर संगीताच्या विभागात. सतार आणि व्हायोलिन समोरासमोर बसवायला तेव्हा दुसरा खणच नव्हता.

ग्रामोफोन पुरस्कार लंडनच्या 'ग्रामोफोन' मासिकाचे. मासिक १९२३ चं, पुरस्कार १९७७ पासून. निवड तिथल्या समीक्षकांची. वर्षभर तबकड्या आणि अल्बम ऐकून त्यावर लिहिणाऱ्यांची ही पसंती. दोन्हींतून एक निवडायचं तर नवख्याने मी ग्रामोफोनची यादी बघावी असं म्हणेन, कारण तिच्यामागे लिहिलेली कारणं असतात. पुलित्झरचा संगीत पुरस्कार यांत मिसळू नका, तो रचनेला मिळतो.

यादी वापरायची कशी? विजेत्याच्या मागे धावू नका. नामांकनांत तुमच्या ओळखीची कृती आहे का ते शोधा. असेल तर ते नवं रेकॉर्डिंग तुमच्या जुन्याशेजारी लावा आणि एकच भाग ऐका. ओळखीची कृती नसेल तर त्या वर्षीची यादी सोडून द्या. शिवाय ही यादी त्या-त्या वर्षाच्या नव्या मालाची असते. १९७१ चा ब्योम तिच्यात कधीच दिसणार नाही, आणि तुम्हाला आयुष्यभर पुरणारी रेकॉर्डिंग बहुतेक अशीच जुनी असतील.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर

हेडफोनमध्ये डबल बास ऐकू येतो, सभागृहात तो खुर्चीतून अंगात शिरतो. एकदा तरी जावंच.

सिंधुदुर्गातून पणजी जवळ. मांडवीच्या काठची कला अकादमी, चार्ल्स कोरियांनी आराखडा केलेली, तिथे पाश्चात्त्य संगीताचं शिक्षणही चालतं. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवण्याची जुनी परंपरा. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक आणि संयोजक तिथलेच, आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा अशाच माणसांनी उभे केले. म्हणजे जुनी गाणी ऐकताना तुम्ही व्हायोलिनचे ताफे आधीच ऐकलेले आहेत.

रत्नागिरी-चिपळूणकरांना मुंबई सोयीची. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्याचे हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास असतात. कार्यक्रमात काय वाजणार ते आधी जाहीर होतं; त्यातली मोठी कृती आठवडाभर घरी ऐकून जा. दोन मूव्हमेंटच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत. कळत नसेल तर बाकीचे वाजवतील तेव्हा वाजवा. उशीर झाला तर कृती संपेपर्यंत दाराबाहेर थांबावं लागतं, तेव्हा ट्रेनच्या भरवशावर ऐनवेळी पोहोचायचा बेत करू नका. आणि फोन बंद म्हणजे बंद, थरथरतासुद्धा नको.

सप्टेंबरचा हंगाम कधी कधी गणपतीच्या आगेमागे येतो. गणपतीआधी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी कमी, सगळी झुंबड उलट्या दिशेने. परतताना मात्र त्याच झुंबडीत सापडाल. वर रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. म्हणून परतीचं कोकणकन्येचं आरक्षण कार्यक्रमाच्या तिकिटाआधी काढा. ऑर्केस्ट्राचं तिकीट एक वेळ शेवटच्या आठवड्यातही मिळेल, कोकणकन्येचं नाही.